शिशुशिक्षिकेला सातासमुद्रापलीकडून बोलावणे

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी ही उद्योगनगरी वसलेली आहे. कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या परिसरातील ३३२ एकर जमिनीवर तिचा पाया घातला. महामंडळाचे त्या वेळचे प्रमुख आर. के. बाळिगा यांनी रंगविलेले भविष्याचे चित्र त्या काळी अनेकांना अतिशयोक्त वाटले असेल. परंतु आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत, डोक्यावरून उड्डाणमार्ग जातो आणि ऑगस्ट २०२५ पासून मेट्रो रेल्वेही धावू लागली आहे. पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांतून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने या परिसरात बिऱ्हाड करून राहिली आहेत.

या नगरीत यंत्रांचा बोलबाला असला, तरी तेथील दिवस सुरू होतो तो यंत्रावर नव्हे, तर पाळणाघराच्या दारात. आईबाप दोघेही कामावर जाणारे, आजी-आजोबा दूर गावी. अशा घरातील दोन-तीन वर्षांचे मूल सकाळी कोणाच्या तरी हाती सोपवावेच लागते. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे, तसेच आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ दिले पाहिजे, असे बंधन आले. त्यामुळे मुलांना सांभाळणाऱ्या व शिकविणाऱ्या स्त्रियांची गरज अशा उद्योगनगरींत वाढली. परंतु गरज वाढली त्या मानाने त्यांचा मान वाढला काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र समाधानकारक नाही.

अशा ठिकाणच्या मराठी घरांतून अलीकडे एक विचारणा वारंवार ऐकू येते. “मी बालवाडीची शिक्षिका आहे, परदेशात मला काम मिळेल काय?” काही जणी स्वतःच्या बळावर जाऊ इच्छितात, काही जणींच्या पतीची बदली जर्मनी, ऑस्ट्रेलिया वा कॅनडाला झालेली असते आणि तेथे रिकामे बसणे त्यांना नको असते. हा प्रश्न केवळ पगाराचा नाही. आपण ज्याला आयुष्य दिले, ते काम कोठे तरी ‘व्यवसाय’ म्हणून ओळखले जाते काय, हे जाणून घेण्याची ती इच्छा आहे. म्हणून या विषयाची माहिती जरा सविस्तर देत आहोत.

ही वाट नवी नाही

समुद्र ओलांडून शिशुशिक्षणाचे धडे घेणारी मराठी स्त्री एकोणिसाव्या शतकातच होऊन गेली, हे आपल्या भगिनींनी अभिमानाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. परंतु तेथे असताना फिलाडेल्फियामध्ये त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. जर्मनीत फ्रीडरिश फ्रोबेल याने १८३७ साली सुरू केलेली आणि १८४० साली ‘किंडरगार्टन’ असे नाव दिलेली ही शिक्षणपद्धती. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडले तेव्हा हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

पुढे हा प्रवाह उलट्या दिशेनेही वाहिला. इटलीच्या डॉ. मारिया मॉंटेसरी १९३९ साली मद्रासजवळच्या अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून आल्या. त्यांच्या पहिल्याच वर्गाला देशभरातून सुमारे तीनशे शिक्षक-शिक्षिका जमल्या. महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्यामुळे १९४० साली त्यांच्या हालचालींवर निर्बंध आले आणि त्यांचे पुत्र मारियो यांना आपल्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, स्थानबद्ध करून ठेवण्यात आले. मातोश्रींच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्यांची सुटका झाली. युद्धाने लादलेल्या या मुक्कामात मॉंटेसरीबाईंनी हजारावर भारतीय शिक्षक तयार केले.

परंतु आणलेले रोप आपल्या मातीत रुजविण्याचे श्रेय गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे आहे. गिजुभाई मूळचे वकील. तरुणपणी पूर्व आफ्रिकेत राहून आलेले. १९२० साली त्यांनी भावनगरास बालमंदिर काढले. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परदेशी बनावटीची दट्ट्यापेटी आणि मनोरे महाग पडतात, हे पाहून ताराबाईंनी बियाणी, शंख-शिंपले, माती, पाने, दगडगोटे यांतून साधने उभी केली. १९४५ साली बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताईंनी आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी, हा विचार होता. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हीच दृष्टी आहे. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण आणि १९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाली. जगात कोठेही जाणाऱ्या मराठी शिशुशिक्षिकेने हा वारसा सोबत न्यावा. तो कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा कमी मोलाचा नाही.

दारे कोठे उघडी आहेत?

युरोप, ऑस्ट्रेलिया व कॅनडा येथे लहान मुलांच्या संगोपनावर शासनाचे बारीक लक्ष असते. एका शिक्षिकेकडे किती मुले असावीत, हे कायद्याने ठरलेले असते. आणि म्हणूनच शिक्षिका पुष्कळ लागतात. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. २०१२ साली लागू झालेल्या राष्ट्रीय दर्जा-व्यवस्थेनुसार दोन वर्षांखालील चार मुलांमागे एक, दोन ते तीन वर्षांच्या पाच मुलांमागे एक आणि त्यापुढील वयाच्या मुलांसाठी साधारणतः अकरा मुलांमागे एक अशी शिक्षिकांची किमान संख्या ठरविली आहे. आपल्या देशात २०१३ च्या राष्ट्रीय धोरणासोबत आलेल्या मानकांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक व त्यावरील वीस मुलांमागे एक असे प्रमाण सुचविले आहे. हे आकडे शेजारी ठेवले म्हणजे तिकडे मनुष्यबळाची टंचाई का, हे सहज उमगते.

ऑस्ट्रेलियात या कामाच्या तीन पायऱ्या आहेत: प्राथमिक प्रमाणपत्र, पदविका आणि पदवीधर शिशुशिक्षिका. परदेशातील पात्रता त्यांपैकी कोणत्या पायरीशी जुळते, हे ठरविण्यासाठी ऑस्ट्रेलियन चिल्ड्रन्स एज्युकेशन अँड केअर क्वालिटी ऑथॉरिटी ही राष्ट्रीय संस्था आहे. तिच्याकडे गुणपत्रकांसोबत अभ्यासक्रमाचा तपशील आणि मुलांबरोबर प्रत्यक्ष केलेल्या देखरेखीखालील प्रात्यक्षिकाचा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडील अर्ज बहुधा याच ठिकाणी अडतात, त्याविषयी पुढे सांगू.

न्यूझीलंडमध्ये शिशुशिक्षिकेला इतर शिक्षकांप्रमाणेच टीचिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. तेथील अभ्यासक्रमाचे नाव ‘ते फारिकी’ असे आहे. माओरी भाषेत त्याचा अर्थ विणलेली चटई. १९९६ साली आलेल्या व २०१७ साली सुधारलेल्या या अभ्यासक्रमात मुलाचे कुटुंब, त्याची भाषा व त्याचा खेळ हे चटईच्या उभ्या-आडव्या काड्यांसारखे एकमेकांत गुंफलेले मानतात. कोसबाडची परंपरा जाणणाऱ्या शिक्षिकेला तेथे परके वाटू नये.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. तेथील कॉलेज ऑफ अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर्स या नियामक संस्थेकडे नाव नोंदविल्याशिवाय कोणालाही ‘शिशुशिक्षिका’ ही पदवी आपल्या नावापुढे लावता येत नाही. डॉक्टर वा वकील यांच्यासारखेच हे बंधन आहे. आणि त्या बंधनातच या व्यवसायाचा सन्मान आहे.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक बालकाला शिशुगृहात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. हक्क दिला, पण शिक्षिका पुऱ्या पडेनात, अशी तेथील स्थिती आहे. ‘एर्त्सीअर’ हा तेथील राज्यमान्य शिशुशिक्षकाचा हुद्दा. परदेशी पात्रतेची तुलना त्या त्या घटक राज्याचे कार्यालय करते आणि उणीव आढळल्यास पूरक वर्ग किंवा परीक्षा देऊन ती भरून काढता येते. मात्र भाषेची अट कडक आहे. युरोपीय मापनातील बी-२ आणि काही ठिकाणी सी-१ पातळीची जर्मन मागतात, आणि ते योग्यच आहे. कारण मूल रडते ते आपल्या मातृभाषेत, आणि त्याची समजूतही त्याच भाषेत घालावी लागते. बंगळूर व पुणे येथील मॅक्स म्युल्लर भवनात ही भाषा शिकण्याची सोय आहे. नोकरी करता करता या पातळीपर्यंत पोचावयाचे, तर दीड-दोन वर्षांची चिकाटी हवी.

आखाती देशांची गोष्ट निराळी. तेथे आपल्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असलेल्या अनेक शाळा आहेत व त्यांना जोडून बालवर्गही आहेत. भाषेचा अडसर कमी. परंतु कायम वास्तव्याची वाट बहुधा नसते आणि करार वाचून सही करण्याची सावधगिरी अधिक लागते.

पतीसोबत जाणाऱ्या भगिनींसाठी

इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या वस्तीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पती अभियंता म्हणून परदेशी जातो, पत्नी आपली नोकरी सोडून सोबत जाते आणि घराच्या चार भिंतींत तिची वर्षे निघून जातात, असे अनेक घरांत घडते. येथे देशादेशांतील फरक समजून घ्यावा. जर्मनीत कुशल कामगाराच्या पत्नीला कुटुंब-प्रवेशपत्रावर नोकरी करण्याची मुभा असते. अमेरिकेत मात्र एच-४ प्रवेशपत्रावरील पत्नीला सरसकट परवानगी नाही. २०१५ च्या नियमाने ती फक्त अशा स्त्रियांना दिली आहे, ज्यांच्या पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोचला आहे. परवानगी नसताना शेजारणीचे मूल पैसे घेऊन सांभाळणे हासुद्धा तेथे नियमभंग ठरू शकतो, हे ध्यानात असू द्यावे.

परवानगी मिळाल्यावर अमेरिकेत चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट हे प्रमाणपत्र पहिली पायरी म्हणून उपयोगी पडते. त्यासाठी १२० तासांचे शिक्षण, मुलांबरोबर ४८० तासांचे काम, कामाची नोंदवही आणि परीक्षा एवढे पुरे करावे लागते. ज्यांना अद्याप परवानगी नाही, त्यांनी रिकामा काळ त्या देशाची भाषा आणि अभ्यासक्रम समजून घेण्यात घालवावा. तेथील महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांतून स्वयंसेवी शिक्षिकांची गरज असते. तो अनुभव नोकरीच्या मोजमापात धरला जाईलच असे नाही. परंतु परदेशात वाढणाऱ्या, दोन भाषांत विचार करणाऱ्या मुलाचे मन त्यातून कळते, आणि ते ज्ञान पुढे कोठेही वाया जात नाही.

तयारी येथूनच

आता मूळ अडचणीकडे वळू. आपल्याकडे गल्लोगल्ली ‘मॉंटेसरी’ आणि ‘नर्सरी शिक्षिका’ वर्गांच्या पाट्या दिसतात. तीन-सहा महिन्यांत प्रमाणपत्र हाती येते, त्यावर सोनेरी शिक्काही असतो. परंतु परदेशातील कार्यालय शिक्क्याकडे पाहत नाही. ते विचारते: संस्थेस मान्यता कोणाची? अभ्यास किती वर्षांचा? कोणत्या वयाच्या मुलांबरोबर किती दिवस प्रात्यक्षिक केले? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल, तर दहा वर्षांचा अनुभवही कागदावर उतरत नाही.

‘मॉंटेसरी’ हे नाव कोणाच्याही मालकीचे नाही, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेत १९६७ सालीच तसा निर्णय झाला. म्हणून पदविका कोणी दिली, हे पाहणे अगत्याचे. मॉंटेसरीबाईंनी १९२९ साली स्थापन केलेल्या आणि आज ॲम्स्टरडॅम येथे मुख्यालय असलेल्या असोसिएशन मॉंटेसरी इंटरनॅशनल या संस्थेची पदविका जगभरच्या मॉंटेसरी शाळांत ओळखली जाते. तिचे वर्ग भारतातही चालतात. तरीसुद्धा त्या त्या देशाची सरकारी नोंदणी वेगळी करावीच लागते. एकीवरून दुसरी आपोआप मिळत नाही.

ज्यांना पाया भक्कम करावयाचा आहे, त्यांच्यासाठी आपल्या देशात चांगल्या वाटा आहेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांप्रमाणे चालणारी पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. बारावी झालेल्या आणि घर सांभाळून शिकणाऱ्या स्त्रियांना इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षण पदविका घेता येते. मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ येथे मानवविकास हा विषय पदवी व त्यापुढेही शिकविला जातो. बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठ आज सर्जापूरजवळ आहे; परंतु त्याची आरंभीची वर्षे इलेक्ट्रॉनिक सिटीनजीकच्या आवारातच गेली. शिक्षणशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास तेथे करता येतो.

कागदपत्रांची एक पिशवी आजपासूनच तयार ठेवावी. प्रत्येक वर्षाची गुणपत्रके, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी अभ्यासक्रमाचा तपशील, प्रात्यक्षिकाचे तास दाखविणारे पत्र, आणि नोकरीच्या प्रत्येक ठिकाणचा दाखला तिच्यात असावा. या दाखल्यात मुलांचे वय आणि कामाचे स्वरूप स्पष्ट लिहिलेले असावे. नुसते “अमुक बाई आमच्याकडे होत्या” एवढ्याने भागत नाही. शाळा बंद पडली किंवा मुख्याध्यापिका बदलल्या, की असा दाखला मिळविणे दुष्कर होते. म्हणून नोकरी सोडतानाच तो मागून घ्यावा. पुढे पारपत्र कार्यालयाचा पोलीस दाखला आणि परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणीकरण यांची गरज पडते.

पाऊल जपून

जेथे आशा असते तेथे तिचा व्यापार करणारेही असतात. “जर्मनीत शिक्षिकेची जागा, परीक्षा नको, भाषा नको” अशी जाहिरात दिसली, तर ती खोटी समजावी. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या मध्यस्थाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि नोंदणीकृत मध्यस्थांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या सेवेवर पाहता येते. नाव त्या यादीत नसेल, तर एक रुपयाही देऊ नये. दागिने मोडून दिलेले पैसे परत मिळविण्यापेक्षा ते न देणे शतपटीने सोपे असते.

दुसरी फसगत शब्दांची. कोणाच्या घरी राहून मुले सांभाळणे आणि शिशुशाळेत शिकविणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु शिक्षिका म्हणून नेऊन घरकामाला जुंपणे ही फसवणूक आहे. करारात हुद्दा, कामाचे तास, पगार आणि राहण्याची जागा ही चारही कलमे असली पाहिजेत आणि त्याची प्रत निघण्यापूर्वी घरच्यांकडे ठेवली पाहिजे.

तिसरी गोष्ट अपेक्षांची. श्रीमंत देशांतही शिशुशिक्षिकेचा पगार इतर शिक्षकांच्या मानाने पुष्कळदा कमी असतो. ऑस्ट्रेलियाच्या सरकारला डिसेंबर २०२४ पासून दोन टप्प्यांत मिळून पंधरा टक्के पगारवाढीसाठी पैसा द्यावा लागला, तो याचसाठी की अनुभवी स्त्रिया हे काम सोडून जात होत्या. दिवसभर मुलांना उचलणे, वाकणे, बसणे-उठणे यांचा देहावर ताण पडतो. तिकडे गेल्यावर आपले मूल कोण सांभाळणार, हा प्रश्नही सुटत नाही. तो फक्त दुसऱ्या चलनात विचारला जातो. हे सर्व जाणून जी निघेल, ती टिकेल.

आणि येथे राहणाऱ्या?

प्रत्येकीने जावेच, असे आमचे म्हणणे नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ताराबाईंच्या अंगणाचा देशभर विस्तार केला. परंतु त्या अंगणात उभ्या असलेल्या सेविकेला आजही पगार नव्हे, ‘मानधन’ मिळते. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून ते तीन हजारांवरून साडेचार हजार रुपयांवर नेले. त्यात राज्ये आपापली भर घालतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा कोठे हे काम ‘सेवा’ या गोड शब्दाच्या आडोशातून बाहेर येऊ लागले.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचे आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचे प्रशिक्षण त्यात सांगितले आहे. हा बदल कागदावरून वर्गात उतरला, तर प्रशिक्षित शिक्षिकेची मागणी आपल्याच गावात वाढेल. परदेशात पाच वर्षे काम करून परतलेली शिक्षिका अशा वेळी मोलाची ठरेल. रमाबाई गेल्या आणि परत आल्या, म्हणूनच बालोद्यानाची पद्धत त्यांच्यासोबत येथे आली.

म्हणून ज्या भगिनी या वाटेचा विचार करीत असतील, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. प्रथम आपल्या हातातील पदविका तपासा. ती अपुरी असेल तर खंत न करता पुरी करा. एकच देश निवडा, त्याची भाषा व नियम यांचा अभ्यास करा, आणि त्या देशाच्या अधिकृत कार्यालयाशी स्वतः पत्रव्यवहार करा. घरच्यांनीही “मुलेच तर सांभाळायची, त्याला शिकायचे काय?” असे म्हणू नये. चार मुलांमागे एक शिक्षिका पाहिजे, असे कायद्यात लिहिणाऱ्या देशांनी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. आपल्या अंगणातही ते लिहिले जाईपर्यंत हे काम करणाऱ्या प्रत्येकीने, ती येथे असो वा सातासमुद्रापलीकडे, स्वतःला ताठ मानेने शिक्षिकाच म्हणवून घ्यावे.